एका अंगठ्याची डबी

दौंडच्या गनी अत्ताराच्या घरी कुंकवाला हात लावायचा तर आधी हात धुवावे लागत. नुसते पाण्याखाली धरून भागत नसे. राखेनं चोळायचे, तेल-तूप, मीठ-मिरची जे काही लागलं असेल ते सगळं काढायचं, धुतलेल्या फडक्याला पुसायचे आणि वाऱ्यावर सुकू द्यायचे. ही शिस्त गनीच्या बापानं, अल्लाबक्षनं घालून दिलेली. म्हातारा म्हणायचा, "ह्ये आपल्या कपाळाचं न्हाई, दुसऱ्याच्या कपाळाचं हाय. जपून हाताळावं." म्हातारा गेला, शिस्त राहिली. आणि ह्याच शिस्तीनं पुढं गनीचा घात केला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे गोष्ट गोड होणार आहे अशा आशेनं कुणी बसायला नको.

अत्तारांचं दुकान म्हणजे बाजाराच्या रस्त्यावर एक फळकुट आणि मागं दोन खोल्या. हळद, कुंकू, बुक्का, उदबत्त्या, मणी, फण्या. आठवड्याला दौंडचा बाजार, शिरूरचा बाजार, भाद्रपदात रांजणगावच्या गणपतीपाशी पाल टाकायचं. पोट त्यावर चालायचं. मान मात्र दुसरीकडं होता. भीमेच्या काठी हौसराव नावाच्या बड्या शेतकऱ्याचं गाव. त्या गावात कुणाच्याही घरी लग्न निघालं की पहिलं कुंकू अत्तारानं नेऊन द्यायचं, ही चाल गनीच्या आजापासूनची. अत्तार मांडवाच्या तोंडाशी आला की बसलेली माणसं उठायची, घरधनी पुढं होऊन त्याच्या हातावर नारळ ठेवायचा. लहानपणी बापाचं बोट धरून गेलेल्या गनीनं तो नारळ कितीदा उराशी धरून घरी आणला होता. गरिबाला अशी एखादीच गोष्ट असते, आणि तीच तो आयुष्यभर सांभाळतो.

तरुणपणी गनी पुण्याला एका बटणांच्या कारखान्यात लागला. नदीकाठच्या पेठेत एका बोळात तो कारखाना होता. तिथलं यंत्र हातानं चालायचं. वरच्या तोंडात प्लास्टिकचा दाणा ओतायचा, मधली नळी विजेवर तापायची, दाणा वितळला की लांब दांडा जोर लावून खाली ओढायचा. वितळलेलं प्लास्टिक खालच्या लोखंडी साच्यात शिरायचं, निवलं की साचा उघडून बटणं पाडायची. गनीला ह्या कामाचा नाद लागला. कुंकू तोलण्यापेक्षा त्याला हे आवडायचं, पण तसं तो घरी कधी बोलला नाही. पानशेत फुटलं त्या साली नदीनं कारखाना गिळला. पाणी ओसरल्यावर मालकानं यंत्र भंगारात काढलं, तेव्हा गनीनं ते चिखलासकट मागून घेतलं आणि मालगाडीत घालून दौंडला आणलं.

रोशनबी, त्याची बायको, दारात उभी राहून बघत राहिली. "लोक पुण्याहून लुगडी आणत्यात," ती म्हणाली, "तुमी चिखल आणला."

"धुतला की सोनं हाय बघ," गनी म्हणाला. तो बरेच दिवस यंत्र धूत राहिला. मग त्यातून कंगवे निघाले, बटणं निघाली, बाजारात खपली. रोशनबीची कुरकुर बंद झाली.

आता सरूबाईचं सांगायला हवं.

सरूबाई ही हौसरावांची धाकटी भावजय. लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं असेल, गुऱ्हाळावर चरकात ऊस घालताना तिचा उजवा हात उसाबरोबर आत गेला. जीव वाचला, हात मनगटापासून गेला. तिचा नवरा जयसिंग गरीब स्वभावाचा. थोरल्या भावापुढं त्याच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. घरात राज्य होतं थोरल्या जावेचं, अनसाबाईचं. तिनं सरूबाईकडून चूल काढून घेतली आणि गोठा दिला. एका हातानं शेण ओढता येतं, झाडता येतं. पण वेणी घालता येत नाही, म्हणून केसाला तेल लावून वेणी घालायला शेजारची एक म्हातारी यायची. आणि कुंकू लावता येत नाही. म्हणजे लावता येतं, पण करंडा उघडता येत नाही. पितळी करंड्याचं झाकण गच्च. सरूबाई तो गुडघ्यात धरायची, दातांनी ओढायची, आणि नाहीच उघडला की मुकाट्यानं अनसाबाईपुढं जाऊन उभी राहायची.

"दे हिकडं," अनसाबाई म्हणायची. "तुजा नवरा जिता हाय ह्ये रोज उठून मीच सांगायचं व्हय गावाला?"

हे रोज सकाळी. सण असो, सुतक असो. माणूस मोठ्या दुःखाला एकवेळ सरावतो, पण असल्या रोजच्या टोचणीला नाही.

एकदा बाजारात सरूबाई गनीच्या दुकानापुढं थांबली. फण्या बघितल्याचं नुसतं निमित्त. मग हळूच म्हणाली, "गनीभाऊ, एका हातानं उघडंल आशी डबी आसती का वो कुठं?"

"करंडा न्हाई चालत का, वैनी?"

"चालतो की. पर दुसऱ्याचा हात लागतो."

एवढंच बोलली आणि गेली. गनीनं त्या दिवशी दुकान लवकर आवरलं.

दौंड स्टेशनात गाड्या थांबायच्या. गनी फलाटावर जाऊन डब्यांच्या खिडक्यांचे खटके दाबून बघायला लागला. दाबला की सुटतो, सोडला की अडकतो. पण त्या खटक्यात आत पोलादाची कमान, म्हणजे स्प्रिंग, असते. कुंकवाच्या डबीत ती घातली तर गंजणार, कुंकू काळं पडणार. म्हणजे प्लास्टिकलाच वाकायला शिकवलं पाहिजे. झाकणाच्या पुढच्या काठाला खाली लोंबणारी एक पातळ जीभ, जिभेच्या टोकाला आकडा, तो डबीच्या भिंतीतल्या खाचेत अडकायचा. भिंतीला एक खिडकी, त्यातून जिभेचं पोट थोडं बाहेर. अंगठ्यानं ते पोट आत दाबलं की जीभ वाकावी, आकडा सुटावा, झाकण वर यावं. वेगळी कमान नाही, स्क्रू नाही. सगळी गंमत त्या जिभेत. ती जाड झाली तर अंगठा दुखेल, पातळ झाली तर झाकण वाटेतच उघडेल. साचा कानशीनं खोल केला की जीभ जाड होते, आणि एकदा घासलेलं लोखंड परत येत नाही. म्हणून गनी अगदी पातळ जिभेपासून निघाला आणि घासायचं थोडं, दाबायचं फार, असं करत पुढं सरकला. एक साचा हावरेपणानं घासून वाया घालवलाच. त्या दिवशी तो जेवला नाही.

तपासायचं काम रोशनबीचं. ती उंबऱ्यावर डबी ठेवायची, उजवा हात पदरात गुंडाळायची आणि डाव्या अंगठ्यानं दाबायची. टक. मिटायची. टक. डबीत खरं कुंकू भरलेलं असायचं, कारण पूड खाचेत जाऊन खटका अडतो का तेही बघायचं होतं. आणि कुंकू म्हटल्यावर हात धुतलेले. रोज राखेनं चोळून, पुसून, सुकवून. घरची रीतच ती. कुणी सांगितलं नाही आणि कुणाच्या मनातही आलं नाही की डबी दुसऱ्या कसल्या हातानं दाबून बघावी. एका सकाळी रोशनबी म्हणाली, "ही न्हाई तुटत. माझा अंगठा तुटंल आता."

लाल रंगाची ती डबी गनी स्वतः घेऊन गेला. सरूबाई गोठ्यात होती. तिनं हात धुतला, डबी गव्हाणीच्या कठड्यावर ठेवली आणि अंगठा टेकवला. टक. झाकण वर आलं. तिनं बोट कुंकवात बुडवून तिथंच, गायीसमोर, आरसा नसताना कपाळाला लावलं. वाकडं लागलं. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

"वाकडं लागलंय, वैनी," गनी म्हणाला.

"आसू द्या," ती म्हणाली. "माजं मी लावलंय."

गनी घरी परतला तेव्हा रस्त्यानं मोठ्यानं गात होता, असं लोक सांगतात. जन्मात त्याला एवढा आनंद पुन्हा झाला नाही.

मग डब्या खपायला लागल्या. शिरूरचा दुकानदार सोपानराव पेटीभर मागवायचा. रांजणगावला बाया पालापुढं उभ्या राहून टकटक करून बघायच्या आणि हसायच्या. सोपानरावानं काही डब्या परतही पाठवल्या, जिभा तुटलेल्या. गनीनं त्या उलटसुलट बघितल्या आणि टोपलीत टाकल्या. "दाणा खराब आला आसंल," तो म्हणाला. "न्हाईतर पोरांनी दातांनी उघडल्या आसतील. सरूवैनीची बघ, अजून नवी हाय." हाच त्याचा पुरावा. पहिली डबी धडधाकट होती, म्हणजे खटका खरा होता. कौतुकानं माणूस आंधळा होतो, आणि गनीच्या वाट्याला आधी कधी कौतुक आलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात हौसरावांच्या लेकीचं लग्न निघालं. हौसराव सोसायटीचे चेअरमन, पंचक्रोशीत शब्दाला वजन. त्यांनी गनीला बोलावून सांगितलं, "गनी, हळदीला येतील त्या सगळ्या सवाष्णींला तुजी डबी द्यायची. भरून. गावानं नाव काढलं पायजे."

"व्हय, आप्पा," गनी म्हणाला. अल्लाबक्ष अत्तारानं पुडीतून कुंकू नेलं होतं. त्याचा लेक आपल्या हातानं घडवलेल्या डबीतून नेणार होता. दोघं नवरा-बायको रात्रंदिवस राबले. रोशनबीनं प्रत्येक डबी दाबून बघितली, प्रत्येक वेळी हात धुऊन.

हळदीच्या दिवशी मांडवात बायांची गर्दी उसळली. तेलात कालवलेली हळद, आंब्याची पानं. सवाष्णी दोन्ही हातांनी नवरीच्या पायापासून कपाळापर्यंत हळद चढवत होत्या. दोन्ही हातांनीच चढवावी लागते, म्हणून सरूबाईला कुणी पुढं येऊ दिलं नाही. ती कुडापाशी उभी राहून बघत होती. हळद झाली आणि डब्या वाटल्या गेल्या. पिवळे, तेलानं चमकणारे हात डब्यांवर पडले. टक, टक, टक. सगळ्या मांडवात तोच आवाज. बाहेर बसलेल्या गनीनं तो ऐकला आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं कुंकू घेऊन तो मांडवाच्या तोंडाशी आला. माणसं उठली. हौसरावांनी नारळ हातावर ठेवला. रीतीप्रमाणे सगळं झालं.

दुपारी लग्न लागायच्या आधी अनसाबाई लेकीच्या कपाळाला कुंकू लावायला बसली. आदल्या दिवसाची डबी तिनं कमरेची काढली आणि अंगठा दाबला. टक झालं नाही, कट्ट झालं. जीभ मुळापासून मोडली, डबी हातातून निसटली आणि सगळं कुंकू नवरीच्या ओटीत, पाटावर, मातीत सांडलं.

"सांडलं गं बया!" कुणीतरी म्हणालं.

गोंधळात दुसरी आपली डबी घेऊन पुढं झाली. कट्ट. तिसरीच्या डबीचं तर झाकण उघडंच, लुगडं लाल. मग बाया आपापल्या डब्या अशा बघायला लागल्या की जणू त्यात विंचू आहे. नवऱ्याकडची माणसं एकमेकांच्या कानाला लागली. अनसाबाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि गळा काढला, "माज्या लेकीचं कुंकू सांडिवलं त्या अत्तारानं! परक्याच्या हातात द्यायचंच नव्हतं!"

परक्याच्या. तीन पिढ्या पहिलं कुंकू आणणारा माणूस एका दुपारी परका झाला.

हौसराव बाहेर आले. गनी नारळ मांडीवर घेऊन पंगतीची वाट बघत बसला होता. काय झालंय ते त्याला अजून नीट कळलंही नव्हतं.

"गनी, नारळ दे हिकडं," हौसराव म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले.

गनीनं नारळ दिला. सगळा गाव बघत होता. तो उठला आणि दौंडपर्यंत उन्हात चालत आला.

घरी त्यानं सांगायची गरज पडली नाही. रिकामे हात बघून रोशनबी समजली. त्या आठवड्यात डब्या परत यायला लागल्या. कुणी दुकानाच्या फळीवर आणून आपटायची, कुणी जाता जाता दारात फेकायची. गनी त्या एकेक उचलून उन्हात धरायचा. प्रत्येक जिभेच्या मुळाशी केसासारख्या बारीक चिरा, आणि चिरांत पिवळं भरलेलं. हळद. त्यानं वास घेतला. तेल.

त्यानं एक नवीकोरी डबी घेतली, जिभेवर खोबरेल चोळलं आणि मिटून ठेवली. दुसऱ्या दिवशी दाबली. कट्ट.

दोघं त्या तुकड्यांकडं बघत बसली. तेलानं हा दाणा चिरतो. वाकवून ताणलेला असला की लवकरच चिरतो. आणि बाई कुंकू लावते कधी? केसाला तेल लावल्यावर, वेणी घातल्यावर. साऱ्या मुलखातल्या बायकांचा हात त्या वेळी तेलकट असतो. नसतो तो फक्त दोघींचा. एक रोशनबी, जिनं प्रत्येक वेळी हात धुतले. दुसरी सरूबाई, जिची वेणी दुसरीच कुणी घालते, जिला चुलीपाशी येऊ देत नाहीत, जिला हळद चढवू दिली नाही.

रोशनबी म्हणाली, "आवो, म्हंजी आपण हात धुतले, त्येच चुकलं?"

आयुष्यात पहिल्यांदा गनीला बापाचा राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःची लाज वाटली.

तो पुन्हा हौसरावांच्या गावाला गेला. कारण सापडलं आहे, तर ते सांगावं. सरळ माणसाला एवढंच सुचतं. हौसराव ओसरीवर होते. गनी खालीच उभा राहिला.

"आप्पा, डबीत खोट न्हवती. म्हंजी व्हती, पर कुंकवाचा दोष न्हाई. बायांच्या हाताला तेल व्हतं, त्या तेलानं..."

"आस्सं," हौसराव म्हणाले. "म्हंजी दोष आमच्या बायकांच्या हाताचा. आन् हळदीच्या तेलाचा."

"तसं न्हवं, आप्पा..."

"मग कसं? हळदीचं तेल अशुभ, आन् तुजी डबी शुभ, व्हय रं?"

खरं सांगितलं तर ते शिवी होत होतं. तेवढ्यात गोठ्याकडून सरूबाई आली. थोरल्या दिरासमोर ती कधी उभी राहिली नव्हती. डोक्यावरचा पदर दातांत धरून तिनं कमरेची लाल डबी काढली आणि ओसरीच्या कडेवर ठेवली. टक. झाकण वर आलं.

"माजी न्हाई तुटली," ती म्हणाली. "वरीस झालं. माज्या हाताला तेल न्हाई."

क्षणभर गनीला वाटलं, झालं, आता समजेल. जयसिंग दारात होता, दारातच राहिला.

हौसरावांनी डबी उचलली. उघडून बघितली, मिटून बघितली. खटका चांगला चालत होता. मग ते उठले आणि न्हाणीपुढं पाणी तापत होतं त्या चुलवणात त्यांनी ती टाकून दिली. काळा, घाण वासाचा धूर निघाला. "ह्या घरात ही वस्तू ऱ्हाणार न्हाई," ते म्हणाले. अनसाबाईनं आतून पितळी करंडा आणून सरूबाईपुढं ठेवला, झाकण गच्च लावून.

पहिल्या कुंकवाचा मान गेला तो गेलाच. पुढच्या लग्नाला सोपानरावाच्या दुकानातून छापील कागदाची पुडी आली, आणि कुणाला काही अडलं नाही. गनीनं मुंबईहून दुसरा, मऊ दाणा मागवला. तो तेलाला दाद देत नव्हता. पण मऊ म्हणून जीभ जाड हवी. गनीनं साचा परत घासला. रोशनबीनं आता हात धुतले नाहीत. तिनं तेलात बोटं बुडवून डबी दाबली, दिवसचे दिवस. दाबताना तिचा चेहरा बघवत नव्हता. डबी तुटली नाही. गनीनं ती नवी लाल डबी दुकानाच्या फळीवर पुढंच मांडली. येणाऱ्या बाया बाकी सगळं बघायच्या, तिच्याकडं बघायच्या नाहीत. घ्यायच्या त्या कंगवे.

पावसाळा सरल्यावर एका बाजारच्या दिवशी सरूबाई आली. कपाळावर कुंकू होतं, गोल, नीट, मधोमध. ते दुसऱ्या कुणी लावलेलं होतं हे गनीला लगेच कळलं. त्यानं ती डबी फळीवर तिच्यापुढं सरकवली.

तिनं अंगठा ठेवला. टक. मिटली. टक. आजूबाजूला बाजार ओरडत होता, ती आपली दाबत होती, मिटत होती. शेवटी मिटली आणि बोटानं त्याच्याकडं परत सरकवली.

"न्या की, वैनी," गनी म्हणाला. "ही तेलानं बी तुटत न्हाई. तुमच्यासाठीच केली."

"व्हय, चांगली झालीया," ती म्हणाली. "पर घरात ठिवू कुठं?"

ती गर्दीत निघून गेली. गनीनं डबी आत टाकली, आणि कुणीतरी कंगवा मागत होतं, तो दिला.